मेरी शेली : राक्षसाची आई

चौकोनी कपाळ, कपाळावर टाके, मानेला दोन बाजूंनी दोन बोल्ट आणि पाय ओढत ओढत चालणारा तो धिप्पाड प्राणी! हॉस्टेलमध्ये कुणालाही हे चित्र दाखवा आणि नाव विचारा. उत्तर एकच येईल, फ्रँकेन्स्टाईन! गंमत अशी की हे नाव त्या राक्षसाचं नाहीच मुळी. ते आहे त्याला बनवणाऱ्याचं. म्हणजे आपल्याच जातकुळीतल्या एका माणसाचं, विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचं. राक्षसाला कादंबरीत नावच दिलेलं नाही. आणि ते चौकोनी कपाळ, ते बोल्ट, तेही कादंबरीत कुठेच नाहीत. तो सगळा सिनेमावाल्यांचा कारभार!

मग कादंबरीत आहे तरी काय? आणि ती लिहिणारी कोण? तिचं नाव मेरी शेली. पुस्तक छापून आलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. मित्र-मैत्रिणींनो, जरा विचार करा, आपण टी.ई.ला असतो ते हे वय!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे इंग्रजी पुस्तकं माझ्या हाताला आधी लागली, त्यातलंच हे एक. मग त्यावरचे जे जे सिनेमे मिळाले ते पाहिले. पाहताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. गोष्ट मेरीची असली तरी प्रत्येक सिनेमाने त्यात आपापल्या काळाची भीती भरली आहे. राक्षस तोच, पण दोष कुणाचा या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं. मेरीचं स्वतःचं उत्तर मात्र तिच्या आयुष्यातून आलेलं होतं. म्हणून आधी तिचं आयुष्य सांगते, सिनेमांकडे मग वळू.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. तिची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट. मुलींनाही मुलांसारखंच शिक्षण मिळालं पाहिजे, हे त्यांनी १७९२ मध्येच पुस्तक लिहून ठणकावून सांगितलं होतं. वडील विल्यम गॉडविन हे राजकीय विचारवंत आणि लेखक. एवढे हुशार आईवडील, पण मेरीच्या वाट्याला आई आली ती फक्त अकरा दिवस. बाळंतपणात संसर्ग झाला आणि आई गेली. म्हणजे मेरीच्या जन्मानेच तिच्या आईचा जीव घेतला, असं तिला आयुष्यभर वाटत राहिलं असेल तर नवल नाही. सेंट पॅन्क्रास चर्चच्या आवारात आईची कबर होती. त्या दगडावरची अक्षरं गिरवत ती स्वतःचं नाव लिहायला शिकली असं सांगतात. आई आणि मुलगी, दोघींचं नाव एकच ना!

मेरीचं शाळेत जाऊन शिक्षण फारसं झालं नाही. पण वडिलांची लायब्ररी मोठी होती आणि घरी येणारी माणसंही तशीच. कवी कोलरिज यायचा, रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यायचा. म्हणजे कविता आणि केमिस्ट्री दोन्ही एकाच दिवाणखान्यात! आपल्याकडे आर्ट्‌स आणि सायन्स यांच्यामध्ये जी भिंत असते, ती त्या घरात नव्हतीच.

पुढे याच घरात पर्सी शेली हा तरुण कवी येऊ लागला. तो एकवीस वर्षांचा, मेरी सोळा वर्षांची. आणि तो लग्न झालेला, बायको गरोदर. तरीही २८ जुलै १८१४ रोजी दोघं पळून फ्रान्सला गेली. बरोबर मेरीची सावत्र बहीण क्लेअरही होती. गॉडविन पुस्तकात लग्नसंस्थेवर टीका करणारे, पण स्वतःच्या मुलीने असं केल्यावर त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. पर्सीकडून पैसे घेणं मात्र चालू ठेवलं!

फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला मुलगी झाली, दिवस पूर्ण भरायच्या आधीच. दोन आठवडेही ती जगली नाही. त्यानंतर मेरीने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलं आहे. बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ धरून चोळल्यावर ते पुन्हा हलायला लागलं, असं ते स्वप्न. जाग आली आणि बाळ नव्हतं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मेलेल्यात पुन्हा जीव आणायची कल्पना या मुलीच्या डोक्यात कुठून आली, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

आता जरा विज्ञानाकडे येऊ. १७८० च्या दशकात इटलीत गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवून दाखवले होते. १८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी आली. आणि जानेवारी १८०३ मध्ये गॅल्व्हानीचा भाचा अल्दिनी याने लंडनमध्ये कमालच केली. न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला त्याने बॅटरीच्या तारा लावल्या. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हाताची मूठ वळली. लोकांना वाटलं, आता हा उठून बसतो की काय! वीज म्हणजेच जीव का, यावर तेव्हा गंभीर चर्चा चालायच्या. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण त्या वेळी ती लेटेस्ट टेक्नॉलॉजी होती हे विसरू नका.

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात इतके वर गेले की पुढचं वर्ष, १८१६, युरोपमध्ये उन्हाळा न आलेलं वर्ष ठरलं. थंडी, पाऊस, बुडालेली पिकं. त्या वर्षी मेरी, पर्सी आणि क्लेअर स्वित्झर्लंडला जिनिव्हा सरोवराकाठी राहायला गेले. शेजारच्या बंगल्यात कवी बायरन आणि त्याचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी. हा तोच बायरन, ज्याने १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेत माग फोडणाऱ्या विणकरांची बाजू घेतली होती. यंत्रांनी रोजगार बुडाला म्हणून त्यांनी यंत्रं फोडली आणि सरकार त्यांना फाशी द्यायला निघालं होतं. म्हणजे यंत्र आणि माणूस यांचं भांडण या मंडळींना ऐकून माहीत नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

पावसामुळे बाहेर पडता येईना. मग भुताच्या गोष्टी वाचणं झालं आणि बायरनने टूम काढली की प्रत्येकाने स्वतःची एक गोष्ट लिहायची. दोन प्रसिद्ध कवी ठसक्यात बसले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. पॉलिडोरीने पुढे एक रक्तपिपासूची गोष्ट लिहिली, जिच्यातून नंतरचे सगळे व्हँपायर जन्मले. आणि अठरा वर्षांच्या मेरीने लिहिलं फ्रँकेन्स्टाईन. लाईट गेल्यावर आपण हॉस्टेलमध्ये जे करतो तेच त्यांनी केलं, फक्त निकाल जरा बरा लागला!

पुस्तक लिहून होईपर्यंत तिच्यावर आणखी काय काय कोसळलं! १८१६ च्या ऑक्टोबरमध्ये सावत्र बहीण फॅनीने आत्महत्या केली. डिसेंबरमध्ये पर्सीच्या पहिल्या बायकोने लंडनच्या सर्पेंटाईन तळ्यात जीव दिला. ३० डिसेंबरला मेरी आणि पर्सीचं लग्न झालं. कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी प्रसिद्ध झाली. फक्त ५०० प्रती, आणि लेखिकेचं नाव नाही! प्रस्तावना पर्सीने लिहिली होती, त्यामुळे पुष्कळांना पुस्तकही त्याचंच वाटलं. सर वॉल्टर स्कॉटसारख्या मोठ्या लेखकानेही तसंच धरून परीक्षण लिहिलं.

आता कादंबरीची गोष्ट थोडक्यात. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा जिनिव्हाचा मुलगा जर्मनीत इंगोलश्टाट विद्यापीठात शिकायला जातो. रात्रंदिवस खोलीत कोंडून घेऊन प्रयोग करतो. घरी पत्र नाही, जेवणाची शुद्ध नाही. प्रेतांचे तुकडे जोडून आठ फुटी माणूस बनवतो आणि त्यात जीव आणतो. कसा आणतो, ते मेरी सांगतच नाही. त्या माणसाचा डोळा उघडतो आणि व्हिक्टर काय करतो? त्याचं रूप बघून घाबरून पळून जातो! माझ्या मते सगळी कादंबरी या एका पळण्यात आहे.

टाकून दिलेला तो जीव जंगलात भटकतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीमागे लपून त्यांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो. मिल्टनचं महाकाव्य आणि प्लुटार्कची चरित्रं वाचतो. तो मनाने चांगलाच असतो. पण ज्याच्या जवळ जावं तो दगड मारतो. शेवटी तो सूडावर उतरतो आणि व्हिक्टरचा छोटा भाऊ, मित्र, बायको असे एकेक जण मारतो. त्या छोट्या भावाचं नाव विल्यम. मेरीच्या स्वतःच्या बाळाचं नावही विल्यमच होतं, आणि लिहिताना ते बाळ तिच्या मांडीवर होतं. केवढं धाडस म्हणायचं हे! राक्षस जन्मतः वाईट नव्हता, बनवणाऱ्याने पाठ फिरवली म्हणून तो तसा झाला, हे मेरीचं म्हणणं. जन्मल्या जन्मल्या आई गेलेली आणि स्वतःचं बाळ हातातून गेलेली मुलगीच हे इतकं आतून लिहू शकते.

पुढची वर्षं तर फार वाईट. सप्टेंबर १८१८ मध्ये मुलगी क्लारा गेली, जून १८१९ मध्ये तो विल्यमही. जुलै १८२२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर वादळात बोट बुडून पर्सी गेला. मेरी चोविसाव्या वर्षी विधवा झाली. चार मुलांपैकी एकच जगला, पर्सी फ्लोरेन्स. त्याला घेऊन ती १८२३ मध्ये लंडनला परतली. सासऱ्यांनी नातवासाठी थोडे पैसे दिले, पण अट अशी की आपल्या मुलाचं चरित्र तिने लिहायचं नाही. मग हिने काय करावं? पर्सीच्या कवितांचं संपादन केलं आणि चरित्र टीपांमधून घातलं! लेखणीवर घर चालवलं. १८२६ मध्ये तिने एक कादंबरी लिहिली, तिच्यात जगभर साथ पसरून मानवजात संपते. २०२० च्या लॉकडाऊननंतर ती वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. मुलाला शिकवून मोठं केलं आणि १ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडनमध्ये तिचं निधन झालं. वय ५३.

आपल्या गोष्टीचं रूपांतर मात्र तिला एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं. ऑगस्ट १८२३ मध्ये लंडनला परतल्यावर लगेचच ती या कादंबरीवरचं नाटक बघायला गेली. हस्तपत्रिकेत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. ती कल्पना तिला आवडली. पण त्या नाटकात राक्षस मुका होता! लंडनमध्ये निव्वळ संवादांचं नाटक करायचा परवाना तेव्हा ठरावीक थिएटरांनाच होता, बाकीच्यांना गाणी आणि संगीत घालून खेळ करावे लागत. तशा खेळात हातवारे करणारा मुका राक्षस छान बसला. शिवाय देवाच्या कामात माणसाने ढवळाढवळ करू नये असा उपदेशही नाटकाला जोडला गेला. म्हणजे पहिल्याच रूपांतरात मेरीचा मुद्दा सरकला. बाळाला टाकून पळाला हा गुन्हा मागे पडला आणि बनवलंच का हा गुन्हा ठरला. फ्रिट्झ नावाचा नोकर गोष्टीत घुसला तोही याच नाटकात.

मग आले सिनेमे. पहिला १९१० चा, एडिसनच्या कंपनीचा, जेमतेम पंधरा मिनिटांचा, आपल्या एका लेक्चरपेक्षाही छोटा. गंमत म्हणजे विजेच्या दिव्याने जगप्रसिद्ध झालेल्या एडिसनच्या कंपनीने राक्षस बनवला तो विजेने नाही, तर मोठ्या कढईत रसायनं उकळून!

विजेचा खरा कडकडाट झाला तो १९३१ मध्ये. युनिव्हर्सल कंपनी, दिग्दर्शक जेम्स व्हेल, राक्षसाच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ. आपल्या डोक्यात बसलेलं ते चित्र इथलं. ठिणग्या उडवणारी यंत्रं, छपरापर्यंत वर जाणारं टेबल, कडाडणारी वीज. अमेरिकेत वीज घराघरांत पोचत होती आणि त्याच वेळी महामंदीने लाखो लोक बेकार झाले होते. पण सगळ्यात महत्त्वाचा बदल वेगळाच. फ्रिट्झ मेडिकल कॉलेजातून मेंदू चोरायला जातो, चांगल्या मेंदूची बरणी हातातून पडते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे राक्षस वाईट का? तर पार्ट खराब होता म्हणून! त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत अशा माणसांची सक्तीने नसबंदी करायचे कायदे होते ज्यांना जन्मतःच वाईट ठरवलं जायचं. त्या समजुतीचीच सावली या बरणीवर आहे असं मला वाटतं. मेरीचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. श्रेयनामावलीत राक्षसापुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि लेखिकेचं नाव? मिसेस पर्सी बी. शेली! शंभराहून अधिक वर्षांनीही तिला स्वतःचं नाव मिळालं नाही. १९३५ च्या दुसऱ्या भागात तर मेरी स्वतःच पडद्यावर येते, पण हातात सुईदोरा घेतलेली, नाजूक, सुई टोचली तरी दचकणारी!

१९५७ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने रंगीत सिनेमा काढला. पीटर कुशिंगचा फ्रँकेन्स्टाईन अगदी सभ्य, नीटनेटका आणि थंड. हुशार मेंदू हवा म्हणून तो एका वृद्ध प्रोफेसरांना सरळ वरून ढकलून मारतो! इथे राक्षसापेक्षा शास्त्रज्ञच भयंकर आहे. हे सहज समजण्यासारखं आहे. हिरोशिमाला फक्त बारा वर्षं झाली होती आणि सिनेमा आला त्याच मे महिन्यात ब्रिटनने पॅसिफिक महासागरात आपल्या पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. नीट कपडे घातलेली, नीट बोलणारी, हुशार माणसंच जग संपवू शकतात, हे लोकांना कळून चुकलं होतं.

१९९४ मध्ये केनेथ ब्रानाने बराचसा मूळ कादंबरीला धरून सिनेमा केला. रॉबर्ट डी नीरोचा राक्षस बोलतो, वाचतो. इथे तो गर्भजल भरलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यातून जन्मतो आणि व्हिक्टरची आई बाळंतपणात जाते. कादंबरीत ती तापाने जाते, पण मेरीची स्वतःची आई अशीच गेली होती ना! पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ ची, मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झालेला. त्या काळाची भीती वीज नव्हतीच, जन्म होता.

आणि २०२५ मध्ये गिलेर्मो देल तोरोचा सिनेमा आला. यात अर्धी गोष्ट राक्षस स्वतः सांगतो. व्हिक्टरचे वडील कठोर, मग व्हिक्टरही आपल्या निर्मितीशी तसाच वागतो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मारहाण. आणखी एक नवीन गोष्ट यात आहे, प्रयोगाला पैसा पुरवणारा शस्त्रांचा व्यापारी! प्रेतं येतात ती रणांगणावरून. स्पॉन्सर कोण, हा प्रश्न आजच्या माणसालाच सुचणार. मात्र सोडून दिलेल्याचं दुःख या सिनेमात बऱ्याच अंशी परत आलं आहे. मेरी बघायला असती तर तिला तिची गोष्ट ओळखू आली असती, असं मला वाटतं.

आता कुणी म्हणेल, आपल्याला याचं काय? आपल्याला चार वर्षं एकच प्रश्न विचारला जातो, बनवता येतं का? व्हायव्हात तोच, इंटरव्ह्यूत तोच. डेमो झाला, मार्क मिळाले की प्रोजेक्ट कपाटात जातं. उद्या नोकरीत मात्र आपण बनवलेलं काही कपाटात जाणार नाही. त्या पुलावरून माणसं जातील, त्या सॉफ्टवेअरवर कुणाचा तरी पगार निघेल, कुणाला तरी कर्ज नाकारलं जाईल. आणि आता तर आपलं बोलणं वाचून वाचून भाषा शिकणारी यंत्रं आली आहेत. झोपडीमागे लपून भाषा शिकणारा तो जीव मला हल्ली फार आठवतो. काही बिघडलं की आपण १९३१ सारखं म्हणणार का, की पार्ट खराब होता? डेटा खराब होता? की बनवलंच नको होतं म्हणून हात झटकणार? बनवू नका असं मेरीने कुठेही म्हटलेलं नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. बनवलंत तर पळू नका, एवढंच तिचं म्हणणं. आई आणि बाळ यांच्यात जे असतं तेच तिने निर्माता आणि निर्मिती यांच्यात मागितलं.

तेव्हा एखाद्या शनिवारी रात्री कॉमन रूममध्ये १९३१ चा आणि २०२५ चा, दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ लावा. संपल्यावर लगेच झोपायला जाऊ नका, दोष कुणाचा यावर चहा घेत भांडा. आणि जमलं तर पुस्तकही वाचा. फार जाड नाही, आपल्या एम-थ्रीच्या पुस्तकापेक्षा तर नक्कीच पातळ आहे!